मधलं दार

"काका, आता तरी ओढून बघा. एवढं बिनआवाजाचं दार मी माझ्या जन्मात केलेलं नाही," वेल्डर म्हणाला आणि बाहीनं कपाळ पुसत बाजूला झाला.

थांबाकाकांनी दार ओढलं. ते अलगद सरकलं. त्यांनी परत लावलं, परत ओढलं, खालच्या खाचेतून बोट फिरवलं, जाळीवर तळहात घासून कुठे टोक राहिलंय का ते पाहिलं. दोन ठिकाणी पुन्हा कानस मारून घेतली. मग म्हणाले, "झकास झालंय. पण थांबा, रंग देऊ नका."

"आता रंगानं काय घोडं मारलं?"

"वास येतो. तिला चालायचा नाही."

'ती' पलीकडे एका हातानं दोरीला लोंबकळत हे सगळं बघत होती. गिबन जातीच्या वानराची मादी. शेपूट नाही, हात पायांपेक्षा कितीतरी लांब, अंग वाळलेल्या गवताच्या रंगाचं आणि चेहरा कायम कुणावर तरी रुसल्यासारखा. प्राणिसंग्रहालयात सगळे तिला बाईसाहेब म्हणत. जोडीदार जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रोज उजाडलं की त्या शेंड्यावर जाऊन गायच्या. गिबनचं गाणं खरं तर दोघांचं असतं. मादी सावकाश सुरुवात करते, चढत चढत टिपेला पोचते, आणि मग नर आपला आवाज मिसळून ते गाणं पुरं करतो. बाईसाहेब टिपेला जायच्या आणि तिथेच गप्प व्हायच्या. थांबाकाकांना ते ऐकवायचं नाही. तेवढ्या वेळात ते मुद्दाम नळ मोठा सोडून बादल्या भरत बसायचे.

आता दुसऱ्या एका शहरातून नर येणार होता. त्याला शेजारच्या पिंजऱ्यात ठेवायचं, मध्ये जाळीचं सरकतं दार, आणि दोघांनी एकमेकांना आधी नुसतं बघायचं, मग वास घ्यायचा, मग जाळीतून बोटं लावायची. हे सगळं नीट झालं की एक दिवस दार उघडायचं. या कामाला प्राणिसंग्रहालयात एकच शब्द होता, ओळख. "वाघांची ओळख चालू आहे," "सांबरांची ओळख फिसकटली," असं तिथली माणसं सहज बोलायची. बाहेरच्याला वाटावं, इथे प्राण्यांची वधूवर मंडळं चालतात की काय.

प्राणिसंग्रहालय जुनं होतं आणि अवाढव्य होतं. कधीकाळी ती एका जहाजवाल्या शेठची बाग होती. जहाजांचे कप्तान दूरदूरच्या बंदरांतून शेठला भेट म्हणून काहीबाही आणायचे, एकानं पोपट आणला, एकानं अस्वल, एकानं चक्क जिराफाचं पिल्लू. शेठ गेले तशी मुलांना त्या वासाचा आणि आरडाओरड्याचा वीट आला आणि त्यांनी बागेसकट सगळं खटलं शहराच्या गळ्यात घातलं. शहराला हौस भारी. त्या भाजून काढणाऱ्या उन्हात त्यांनी बर्फाळ मुलुखातलं पांढरं अस्वल आणून ठेवलं होतं. मासळीच्या कारखान्यातून त्याच्यासाठी बर्फाच्या लाद्या यायच्या. ते तिसरा उन्हाळा काढू शकलं नाही. भुसा भरून अजून कचेरीत उभं होतं, आणि नवा कारकून आला की त्याची टोपी अस्वलाच्या पंजात अडकवून ठेवायची पद्धत होती. पुढे येणाऱ्या प्रत्येक साहेबानं आधीच्या साहेबाचं पाडून आपलं बांधलं. दगडी खड्डे गेले, लोखंडी गज आले, गज जाऊन पाण्याचे चर आले, आता काचा आल्या होत्या. बदललं नव्हतं ते ऊन, आणि थांबाकाका.

त्यांना हे नाव पडलं त्यामागे एक गोष्ट होती, पण ती ते कुणाला सांगत नसत. नोकरीला नुकते लागले होते तेव्हा बिबट्यांची एक ओळख चालू होती. मादी येऊन आठवडाही झाला नव्हता. त्या वेळच्या साहेबांकडे कुणी बडे पाहुणे यायचे होते आणि त्यांना जोडी एकत्र दाखवायची होती. साहेब म्हणाले, उघड दार. यांनी साखळी ओढली. पुढचं सगळं इतक्या झटपट झालं की पाण्याचा पाइप सोडेपर्यंत नरानं मादीचा जीव घेतला होता. साखळी हातात तशीच होती. त्या दिवसापासून कुणी काही म्हणालं की यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, थांबा. साहेब असो, डॉक्टर असो, फुगेवाला असो. हळूहळू लोक मूळ नाव विसरले. त्यांचंही काही बिघडलं नाही, कारण त्यांच्या हातून पुन्हा एकही प्राणी गेला नाही.

घरी मात्र या शब्दानं काय काय केलं, त्याचा हिशेब कुणी मांडला नव्हता.

घर म्हणजे मागच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्या. बायको लवकर गेली. एकच मुलगी, चिमी. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, चाळिशीकडे झुकली होती, आणि नाव अजून चिमीच होतं. तिला स्थळं आली नव्हती असं नाही. एक मुलगा चांगला होता, पण काका म्हणाले, थांबा, घरची माणसं कशी आहेत ते जरा बघू. बघता बघता त्या घरच्या माणसांनी दुसरी सून आणली. दुसरा फार लांबचा होता. तिसरा जवळचा होता, पण तो फार गोड बोलायचा आणि काकांच्या मनात पाल चुकचुकली. प्रत्येक वेळी त्यांच्या हाताला ती साखळी जाणवायची. दार उघडायला काय लागतं, एक झटका. नंतर लावायचं म्हटलं तर लावता येत नाही. एवढं एकच त्यांना कळत होतं आणि तेवढ्यावर त्यांनी पोरीचं सगळं आयुष्य झाकून ठेवलं होतं. चिमीनं कधी ब्र काढला नाही. पुढे पुढे स्थळं सुचवणारेच येईनासे झाले.

वेल्डरला घरी जेवायला त्यांनीच नेलं. काम बरेच दिवस चालणार होतं, आणि तो बिचारा उन्हात भिंतीला टेकून कोरडा डबा खायचा. पहिल्या दिवशी चिमीनं त्याला ताट वाढलं आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, "तुम्ही काळी काच न लावता काम करता ना?"

"कधी कधी. घाईत."

"उद्या दुकानात या. डोळे तपासून घ्या. फुकटात गेले तर परत मिळत नाहीत."

"काका, तुमची मुलगी तुमच्यावर गेलीय," वेल्डर हसला.

"छे हो," चिमी म्हणाली. "त्यांनी तुम्हाला दुकानात यायच्या आधी थांबायला सांगितलं असतं."

तिघेही हसले. काकाही हसले. घरात तिघांचं हसू बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

नर आला तो काळाभोर, गालांवर पांढरे कल्ले असलेला आणि भलताच लाजाळू. त्याचं नाव पडलं पाहुणा. पहिले काही दिवस तो कोपऱ्यात तोंड खुपसून बसला. बाईसाहेबांनी त्याच्याकडे पाठ केली. मग एका दुपारी, काकांनी फळं घालून गोठवलेले बर्फाचे गोळे दोघांना दिले, तेव्हा बाईसाहेब आपला गोळा घेऊन जाळीजवळ येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणाही बसला. पुढच्या महिन्यात ती जाळीतून बोटं घालून त्याच्या खांद्यावरचे केस विंचरायला लागली. आणि एका सकाळी ती टिपेला पोचली तेव्हा शेजारून, जरा कापऱ्या आवाजात, उत्तर आलं. काकांचा हात नळावर होता. त्यांनी नळ बंद केला.

प्राण्यांच्या डॉक्टरमॅडम धावत आल्या. तरुण होत्या, हुशार होत्या, आणि काकांना फार मानायच्या. "काका, गातायत दोघं! आता काय राहिलं? उघडू या दार."

"थांबा मॅडम. अजून एक महिना."

"अहो, ती त्याचे केस विंचरतेय."

"जाळीतून विंचरतेय. जाळी आहे म्हणून विंचरतेय."

मॅडमनी मान डोलावली. एक महिना गेला, दुसरा गेला. बाईसाहेबांना खोकला झाला, म्हणून थांबले. ऊन वाढलं, प्राणी चिडचिडे होतात, म्हणून थांबले. मग शाळांच्या सुट्ट्या लागून गर्दी वाढली, म्हणून थांबले. मॅडम दर महिन्याला विचारायच्या, काका दर महिन्याला कारण द्यायचे, आणि ते कारण दर वेळी खरंच असायचं. पंचाईत तिथेच होती.

वेल्डरचं काम केव्हाच संपलं होतं, तरी तो रविवारी यायचा. कधी दाराला तेल घालायला, कधी घरच्या खिडकीची कडी नीट करायला. त्या दोन खोल्यांत कडी-कोयंडा म्हणून जे काही होतं ते त्यानं दोन-दोनदा नीट केलं. एका रविवारी त्यानं काकांना अस्वलांच्या जुन्या खड्ड्याजवळच्या बाकावर बसवलं. खड्ड्यात आता कमळं लावली होती.

"काका, सरळच विचारतो. मला चिमीशी लग्न करायचंय. धाकट्या भावंडांचं सगळं झालं, म्हणून माझं राहिलं. आता आई आणि मी, दोघंच आहोत. तिलाही विचारलंय मी. ती म्हणाली, बाबांना विचारा."

काकांना हा माणूस आवडत होता. त्याच्या हाताला काम होतं, जिभेला साखर नव्हती, दोन्ही गोष्टी त्यांना पसंत होत्या. नाही म्हणायला जागाच नव्हती. तरी त्यांचा हात बाकाच्या लोखंडी दांडीवर घट्ट झाला.

"तू चांगला आहेस रे," ते म्हणाले. "नाही म्हणत नाही मी. पण थांब जरा. थोडे दिवस जाऊ देत. तू तिला ओळख, तिला तुला ओळखू दे."

"वर्ष होत आलं काका, मी येतोय त्याला."

"हो. तरी जरा थांब."

वेल्डर उठला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पुढचे काही रविवार आला. मग एकाआड एक. मग काम वाढलंय म्हणून निरोप आला. मग निरोपही येईना. काका मनात म्हणायचे, बघू, पुढच्या महिन्यात आपणच विषय काढू. भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

असाच एक रविवार. दुपारी जेवायला बसताना काकांनी सवयीनं फळीवरून तीन ताटं काढली. चिमीनं त्यातलं एक उचललं, कोरडंच पुसलं आणि परत फळीवर ठेवलं.

"आता कुणी येत नाही बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली.

काकांनी उरलेली दोन ताटं मांडली. संध्याकाळी ते फेरीला गेले, पिंजरे झाडले, पाणी बदललं, खाणं ठेवलं, पण डोळ्यांपुढून ते ताट जाईना. आपण काय करून बसलो, हा एकच विचार. घरी येऊन पडले.

सकाळी पिंजऱ्याशी आले तेव्हा आधी त्यांना काही कळेना. पाहुण्याचा पिंजरा रिकामा. मधलं दार सताड उघडं होतं. खालची खीळ बाजूला नुसती लोंबत होती, म्हणजे रात्री घातलीच नव्हती. साफसफाईसाठी काढली ती आपणच. या हातांनी.

त्यांची नजर जमिनीवर रक्त शोधत होती. मग वर गेली. वरच्या फांदीवर दोघं एकमेकांना टेकून बसली होती. बाईसाहेबांनी पाहुण्याच्या मांडीवर डोकं ठेवलं होतं आणि तो तिच्या मानेवरचे केस एकेक करून बाजूला सारत होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. खाली फळांची भांडी होती, तिचं रिकामं, त्याचंही रिकामं. रात्री जेवणसुद्धा एकत्र झालं होतं.

काका बादलीवर मटकन बसले. आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते त्यांना सोसवेना. हे वर्षभरापूर्वीच होणार होतं. मॅडम म्हणत होत्या तेव्हाच. त्या जाळीला दोघं वर्षभर उगाच टेकून बसली, आणि तिच्यापाशी काही फार वर्षं शिल्लक नव्हती.

बातमी पसरली. जो तो येऊन पाठीवर थाप मारून जाऊ लागला. "अखेर थांबाकाकांनी दार उघडलं!" डॉक्टरमॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं. काकांनी खीळ विसरल्याचं सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी मध्येच अभिनंदन केलं.

दुपारी ते रजा टाकून थेट वेल्डरच्या कारखान्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घाई झाली होती. रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्याच्या शिव्याही खाल्ल्या. वेल्डर कुणाच्या तरी फाटकाचं काम करत होता. काळी काच लावून. यांना बघून त्यानं ज्योत बंद केली, लगबगीनं स्टूल पुसून दिलं.

"काका! तुम्ही? सगळं ठीक ना? दार बिघडलं का?"

"दार उत्तम आहे. दोघं एकत्र आली. काल रात्री."

"वा! म्हणजे झालं शेवटी." तो मनापासून हसला. मग हात पुसत, खाली बघत म्हणाला, "मी येणारच होतो तुमच्याकडे. सांगायला. पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. आईची तब्येत ढासळली, तिनं घाई केली. ओळखीतलीच आहे मुलगी." काळी काच काढून ठेवत म्हणाला, "तुमच्याकडून काही निरोप आला नाही, तेव्हा मी समजलो. राग नाही काका. बाप म्हणून तुम्हाला वाटलं असेल काहीतरी."

काकांना म्हणायचं होतं की काही वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं, त्यातच सगळं आलं. पण आतून त्याच्या आईनं विचारलं, कोण आलंय रे, आणि त्यानं मोठ्यानं सांगितलं, "आपले काका आलेत, प्राणिसंग्रहालयातले." त्या 'आपले'नं काकांचं उरलंसुरलं अवसान गेलं.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "फार चांगलं. मी आपला एक बिजागरी सांगायला आलो होतो. मोरांच्या पिंजऱ्याला."

"मापं?"

काकांनी हवेत बोटांनी कसलं तरी माप दाखवलं. वेल्डरनं ते खडूनं फळीवर आखून घेतलं. दोघांनाही ठाऊक होतं की मोरांच्या पिंजऱ्याला बिजागरी लागत नाही.

घरी आले तेव्हा चिमी दुकानातून येऊन पाय धूत होती. त्यांनी कधी नव्हे ते सगळं एका दमात सांगून टाकलं. खीळ विसरल्याचं, कारखान्यात गेल्याचं, काय ऐकून आले ते. ती टॉवेलनं पाय पुसत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते दुकानात आले होते. ठरवायच्या आधी. म्हणाले, आई ऐकत नाही, आता शेवटचं विचारतो."

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाबांना विचारून सांगते."

"अगं, पण तू मला विचारलंच नाहीस."

"नाही विचारलं." चिमीनं टॉवेल दोरीवर टाकला, त्याची टोकं जुळवली. "विचारलं असतं तर काय म्हणाला असता तुम्ही?"

तिच्या बोलण्यात राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ती खरोखरच विचारत होती. त्यांनी पायातल्या चपला काढून भिंतीशी ठेवल्या. ती स्वयंपाकाला लागली, आणि ते कितीतरी वेळ तिच्या पाठीकडे बघत बसले. केस बरेच रुपेरी झालेत हे त्यांना आज दिसलं, रोज समोर असून. चुकलो, एवढा शब्द जिभेवर आला होता. तो त्यांनी उच्चारला. भांड्यांच्या आवाजात तिला ऐकू गेला की नाही, कळलं नाही.

पुढच्या रविवारी बाईसाहेब आणि पाहुण्याला बघायला ही गर्दी लोटली. जोडी एकत्र गाते म्हणून शहरभर झालं होतं. काका पिंजऱ्याशी उभे होते, लोकांना कठड्यापासून मागे सारत. तेवढ्यात गर्दीच्या पार मागे त्यांना चिमी दिसली. लहानपणानंतर ती प्राणी बघायला म्हणून कधी आली नव्हती. पायाच्या चवड्यांवर उभी राहून, माना उंचावलेल्या लोकांच्या फटीतून बघायला धडपडत होती. वर गाणं सुरू झालं होतं. बाईसाहेब चढत चढत चालल्या होत्या.

"जरा बाजूला व्हा," काका गर्दीत शिरत म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. "वाट द्या. माझ्या मुलीला दिसत नाहीये. जरा तिला पुढे येऊ द्या."

माणसं भली होती. लगेच सरकली. एक बाई तर खाली वाकून हात पसरून म्हणाली, "ये गं, ये पुढे." सगळेजण आपापल्या गुडघ्यांपाशी बघू लागले, छोटी पोर कुठे आहे म्हणून. आणि त्या मोकळ्या झालेल्या वाटेनं, खांद्यावरची पर्स सावरत, चिमी पुढे आली.